डी ड्राइव्ह कुठे आहे?

नव्या लॅपटॉपवर मी लिहिलेला पहिला मराठी शब्द इंग्रजीत उमटला. मला 'अनुवाद' असे लिहायचे होते. बोटांनी आपले काम सराईतपणे केले आणि पडद्यावर डी, व्ही, जी, बी, ई, ओ अशी सहा रोमन अक्षरे उभी राहिली. चूक त्या सहा कळांची नव्हती, कारण इन्स्क्रिप्ट ह्या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर 'अनुवाद' हा शब्द ह्याच सहा कळांनी लिहितात. चूक त्याच्या आधल्या क्षणाची होती. मराठी लिहायला बसले की माझ्या डाव्या हाताचा अंगठा आल्टवर आणि करंगळी शिफ्टवर जाते, दोन्ही कळा एकदम दाबल्या जातात, भाषा बदलते आणि मग लिहिणे सुरू होते. हे सगळे कित्येक वर्षे मला न विचारता होत आले आहे. नव्या लॅपटॉपला ती खूण ठाऊक नव्हती. मी तीनदा आल्ट-शिफ्ट दाबले, तिन्ही वेळा 'अनुवाद' लिहिले आणि तिन्ही वेळा तीच सहा अक्षरे निमूटपणे परत आली.

अनुवाद हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. शेतीच्या पुस्तिका, आरोग्याची माहितीपत्रके आणि अधूनमधून एखादे चरित्र, असे ते काम असते. जुना लॅपटॉप २०१६ सालचा होता. त्याची बिजागरी सैल झाली होती आणि उन्हाळ्यात त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, पण कामाला तो खोटा नव्हता. मात्र विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि माझ्या लॅपटॉपमधला सहाव्या पिढीचा होता. दुकानात गेले तेव्हा मला हवा तसा लॅपटॉप दोन प्रकारांत होता, एक विंडोजसह आणि दुसरा विंडोजऐवजी उबंटू ही फुकट मिळणारी प्रणाली घातलेला, पाच-साडेपाच हजारांनी स्वस्त. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याला दुकानातूनच फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, डोळे मिटून उबंटू घे. तुझं काम लिहायचं, ब्राउझर बघायचा आणि मेल पाठवायची. काही अडलं तर मी आहे." ह्याच भाच्याने कॉलेजात असताना उबंटूची सीडी टपालाने मागवली होती, कारण २०११ पर्यंत उबंटूवाले मागेल त्याला सीडी फुकट पाठवत असत. ती सीडी कित्येक वर्षे आमच्या शोकेसमध्ये लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पडून होती, हे मला दुकानदाराला पैसे देताना आठवले आणि कारण नसताना धीर आला.

घरी येऊन खोके उघडले तेव्हा पहिली गंमत दिसली ती कळफलकावर. आत विंडोज नाही, पण डावीकडे खाली, कंट्रोल आणि आल्टच्या मध्ये, ती चार तावदानांची खिडकी मात्र कळेवर छापलेली होतीच. ह्या घरात तिचे नाव वेगळे आहे. तिला इथे 'सुपर' म्हणतात आणि भाषा बदलायची ती सुपर आणि स्पेसबार एकदम दाबून. सेटिंग्जमध्ये जाऊन, 'कीबोर्ड' ह्या पानावरच्या यादीत मराठी शोधून, ती निवडून हे सगळे कळायला मला संध्याकाळचे साडेसात वाजले. यादीत एक चांगले होते, मराठीपुढे 'इन्स्क्रिप्ट' असे स्वच्छ लिहिलेले होते. त्याबद्दल पुढे सांगेन, कारण ह्या सगळ्या स्थलांतरात माझ्याबरोबर जशीच्या तशी आलेली ती एकच गोष्ट निघाली.

दुसऱ्या दिवशी जुन्या फायली पेनड्राइव्हवरून उतरवायला बसले आणि अडले. पुन्हा फोन.

"अरे, ह्याच्यात डी ड्राइव्ह कुठे आहे?"

"आत्या, डी ड्राइव्ह नाहीये."

"बरं, मग सी?"

"सी पण नाहीये."

मी काही बोलले नाही. आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी संगणक वापरला आहे, त्या सर्वांना एक नियम कोणीतरी कानात सांगितलेला असतो, की महत्त्वाचे काही सी ड्राइव्हमध्ये ठेवायचे नाही. संगणक बिघडला की दुरुस्त करणारा मुलगा 'फॉरमॅट मारतो', आणि फॉरमॅट मारला की सी जाते, डी राहते. म्हणून मुलांचे फोटो डीमध्ये, आयकराचे कागद डीमध्ये, अनुवाद डीमध्ये. डी म्हणजे माळ्यावरची ट्रंक. सीच्या आधी ए आणि बी का नाहीत, ह्याचा मी कधी विचारही केला नव्हता. ती दोन अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, फ्लॉपी गेल्या तरी रांगेतली त्यांची जागा कोणी घेतली नाही, हे भाच्याने आत्ता सांगितले. म्हणजे मी इतकी वर्षे ज्याला संगणकाचा नकाशा समजत होते तो एका घराण्याचा वारसा होता, आणि त्यातल्या दोन खोल्या तर केव्हाच्या बंद पडलेल्या होत्या. इथे सगळे एका तिरप्या रेघेपासून सुरू होते. त्या रेघेच्या पोटात 'होम' नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात माझ्या नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात माझा पसारा. 'होम' हा शब्द मला आवडला, पण ट्रंक नाही ही रुखरुख गेली नाही. शेवटी मी होममध्ये एक फोल्डर केला आणि त्याला 'डी' असे नाव दिले. भाचा हसला. हसू दे.

त्या फोल्डरचे नाव मी देवनागरीत लिहिले आहे, हेही नोंदवायला हवे. फायलींना मराठी नावे द्यायला मी आजवर धजावले नव्हते, कारण पूर्वी अशी फाइल दुसऱ्याला पाठवली की नावाच्या जागी चौकोनांची माळ पोचत असे. इथे वेगळीच अडचण आली. ही प्रणाली रोमन लिपीतले मोठे आणि छोटे अक्षर वेगवेगळे मानते, त्यामुळे मोठ्या 'पी'ने सुरू होणारे 'प्रकरण' आणि छोट्या 'पी'ने सुरू होणारे 'प्रकरण' अशा दोन निराळ्या फायली शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने राहू शकतात, आणि पहिल्याच आठवड्यात त्या तशा राहिल्या, मी सुधारणा एकीत केल्या आणि पाठवली दुसरी. देवनागरीत अक्षरांमध्ये थोरली-धाकटी पाती नाही. मराठी नाव दिले की हा प्रश्नच उरत नाही. आता माझ्या सगळ्या फायलींना मराठी नावे आहेत आणि ह्याचे श्रेय माझ्या भाषाभिमानाला नसून त्या फजितीला आहे.

आता रिफ्रेशबद्दल. लॅपटॉप सुरू झाला की रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक करायचे, 'रिफ्रेश' दाबायचे, चित्रे एकदा लवतात, मग पुन्हा रिफ्रेश, पुन्हा लवतात, आणि मगच कामाला लागायचे, हे मी २००३ साली एमएस-सीआयटीच्या वर्गात शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचे पाहून उचलले. त्याने ते कोणाचे पाहून उचलले, देव जाणे. त्याने संगणक जलद होत नाही, पडद्यावरची चित्रे फक्त नव्याने रेखाटली जातात, हे मला केव्हाच समजले होते. पण समजून उपयोग नसतो. दुकान उघडताना गल्ल्याला हात लावून नमस्कार करणाऱ्याला गल्ल्यात किती पैसे आहेत ते ठाऊक असतेच. उबंटूत रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक केले की यादी उघडते, त्यात नवीन फोल्डर करा, पार्श्वभूमी बदला असे काय काय असते, पण रिफ्रेश नसते. पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी ती यादी उघडत होते, त्यात नसलेली गोष्ट शोधत होते आणि यादी बंद करत होते. संकल्प सोडण्यापुरते पाणी हातावर घ्यावे आणि पळीच सापडू नये, तसे वाटायचे.

ह्या सगळ्यात खरी घाबरगुंडी उडाली ती एकदाच. प्रिंटरच्या पुढच्या कामासाठी एक छोटा प्रोग्राम घालायचा होता आणि भाच्याने फोनवरून सांगितले की टर्मिनल उघड. टर्मिनल म्हणजे काळसर चौकट, तीत चित्र नाही, बटण नाही, फक्त लुकलुकणारी खूण. त्याने सांगितलेली ओळ मी एकेक अक्षर विचारत लिहिली आणि एंटर दाबले. त्याने पासवर्ड मागितला. मी पासवर्ड लिहू लागले तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षरे नाहीत, ठिपके नाहीत, तारका नाहीत, खूणही जागची हलेना. मला वाटले कळफलक गेला. भाचा म्हणाला, "दिसणारच नाही, आत्या. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेसुद्धा मागच्या माणसाला कळू नये म्हणून तसं केलंय. तू न बघता लिही आणि एंटर मार." मी न बघता लिहिले. चुकला. पुन्हा लिहिले. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा एकेक कळ नीट दाबून, ओठ हलवत लिहिले, तरी चुकला, आणि तीन वेळा चुकला अशी नोंद करून त्याने मला दाराबाहेर काढले. माझ्या मागे कोणीही उभे नव्हते. घरात मी एकटी होते, आणि माझ्याच घरच्या यंत्राला माझी ओळख पटत नव्हती.

दहा मिनिटांनी उलगडा झाला. फोन येण्याआधी मी अनुवाद करत होते, मग भाचा सांगेल ती ओळ लिहिण्यासाठी भाषा इंग्रजी केली होती आणि ती ओळ लिहून होताच, कधी ते मला सांगता येणार नाही, हाताने सवयीने सुपर-स्पेस दाबले होते. म्हणजे तिन्ही वेळा पासवर्ड देवनागरीतून जात होता. कोणाला न दिसणाऱ्या त्या जागेत मी काय लिहिले असेल ते नंतर कागदावर काढून पाहिले, तेव्हा काना, मात्रा, हलन्त असे काहीतरी अनुच्चारणीय निघाले. आणि मग लक्षात आले की ज्या नव्या खुणेचे नाव घेऊन मी आठवडाभर कुरकुरत होते ती खूण हाताने घेतलीसुद्धा होती, मला न कळवता. ही माझ्या हातांची जुनीच खोड आहे. आधी अडून बसतात आणि मग एक दिवस परस्पर समेट करून मोकळे होतात.

हे तिसऱ्यांदा घडत होते. पहिल्यांदा मी मराठी टंकलेखन शिकले ते १९८८ साली, आमच्या तालुक्याच्या गावी, 'मराठी तीस'च्या परीक्षेसाठी. तिथे यंत्राच्या लोखंडी कळांवर रेमिंग्टनची मांडणी होती. त्या मांडणीत अक्षर जसे दिसते तसे लिहायचे, म्हणजे 'कि' लिहायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. 'ग' लिहायचा तर आधी अर्धा ग आणि मग त्याला उभा दंड. आपण अक्षर जुळवत नसून सुतारकाम करत आहोत असे वाटायचे. पुढे संगणकावर छपाईचे काम आले तेव्हाचे फाँटही ह्याच चालीचे होते, म्हणून हाताला फार फरक पडला नाही. मात्र त्या फाँटांत मराठी ही वरवरची होती. फायलीच्या पोटात रोमन खुणा असत आणि फाँटाने त्यांना देवनागरी मुखवटा चढवलेला असे. मुखवटा काढला की खाली कचरा.

२००६ साली युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची खूण देणाऱ्या पद्धतीवर, आले आणि सक्तीने इन्स्क्रिप्ट शिकले. ही मांडणी १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तिला जागा मिळाली. तिच्यामागचा विचार मला आजही सरकारी वाटत नाही, कारण तो फार नेटका आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. अल्पप्राण नुसत्या कळेवर आणि त्याचा महाप्राण सोबती त्याच कळेवर शिफ्ट दाबून, म्हणजे क आणि ख एका घरात, त आणि थ एका घरात. शब्द जसा उच्चारतो त्या क्रमाने लिहायचा, म्हणून 'कि'मध्ये आधी क आणि मग वेलांटी. आणि ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्यांना हीच मांडणी, त्यामुळे कन्नडचा क, बंगालीचा क आणि मराठीचा क एकाच कळेवर. मला कन्नड वाचता येत नाही, पण कन्नड कळफलक लावून दिला तर माझी बोटे कन्नडमध्ये 'कमळ' लिहून दाखवतील. हे सगळे मी आज कौतुकाने लिहिते आहे; २००६ साली सहा आठवडे रडकुंडीला आले होते. वेलांटी आधी टाकायची अठरा वर्षांची सवय मोडताना माझ्या प्रत्येक 'कि'च्या आधी एक अनाथ वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून लोंबकळत असे.

म्हणूनच त्या पहिल्या रात्री, साडेसात वाजता, भाषा एकदाची बदलल्यावर जे झाले त्याने मी जरा हलले. प्रत्येक नव्या यंत्रावर मी एकच वाक्य लिहून पाहते. 'दुसऱ्या दऱ्याखोऱ्यांतल्या आचाऱ्यांची तऱ्हा न्यारी.' ह्या वाक्याला अर्थ बेताचाच आहे, पण त्यात मराठीचा तो खास अर्धा र पाच वेळा येतो, पापणीसारखा आडवा. तो नीट उमटला नाही की 'आचाऱ्यांनी स्वयंपाक केला' ह्याचे 'आचार्यांनी स्वयंपाक केला' होते आणि पंगतीत गोंधळ उडतो. डोळे पडद्यावर ठेवून, हात न बघता, मी ते वाक्य लिहिले. शिफ्ट-जे, डी, य. एकही कळ इकडची तिकडे झालेली नव्हती. ळ शिफ्ट-एनवर होता, श शिफ्ट-एमवर होता. प्रणाली नवी, यंत्र नवे, मेनू नवे, आणि वीस वर्षांपूर्वी जी मांडणी शिकताना मी बोटे मोडली होती तेवढी एकच आपल्या जागी शांतपणे बसलेली. ज्याला मी संगणकज्ञान म्हणत होते, म्हणजे सी आणि डी, स्टार्टचे बटण, रिफ्रेश, मेनूच्या कुठल्या फितीत कुठला हुकूम, ते सगळे एका घरातले फर्निचर होते. घर बदलले, ते मागे राहिले. दहा जणांच्या समितीने ठरवलेली वाटावी अशी, कोणाचीच लाडकी नसलेली मांडणी तेवढी माझी स्वतःची निघाली.

फर्निचर मागे राहिल्याचा त्रास मात्र खराखुरा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जुन्या फायली 'मंगल' फाँटात होत्या. तो विंडोजबरोबर येतो, इथे नाही. त्याच्या जागी लिब्रेऑफिस ह्या इथल्या लेखन प्रोग्रामने दुसरा फाँट घेतला आणि दोनशे बारा पानांचे हस्तलिखित एका रात्रीत दोनशे तीन पानांचे झाले. प्रकाशकांचा फोन आला की नऊ पाने कमी कशी. शब्द मोजून दाखवले तेव्हा त्यांचे समाधान झाले. मानधन पानांवर नव्हे तर शब्दांवर ठरले होते हे माझे नशीब.

त्याहून मोठी फजिती तीन बोटांनी केली. डाळिंबाच्या पुस्तिकेचे काम चालले होते. 'तेल्या' हा रोगाचा शब्द सगळीकडे एकसारखा आला आहे ना, हे पाहताना तो मी निवडून ठेवला होता. नंतर शेवटचे आभाराचे पान वाचताना तीन बोटे टचपॅडवर विसावली असावीत. ह्या जगात निवडलेला मजकूर वेगळा कॉपी करावा लागत नाही, तो निवडताक्षणीच एका अदृश्य ओंजळीत जातो, आणि माउसचे मधले बटण दाबले, किंवा टचपॅडवर तीन बोटांनी टिचकी मारली, की माउसचा बाण असेल तिथे तो ओतला जातो. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो नावाच्या रचनेपासून ही चाल चालत आली आहे आणि तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. मला ती ठाऊक नव्हती. तपासणीसाठी गेलेल्या प्रतीत 'विद्यापीठातील तेल्या शास्त्रज्ञांचे मनःपूर्वक आभार' असे वाक्य होते. ज्या शास्त्रज्ञांनी ते वाचले त्यांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून पाठवले, ह्याला मी सौजन्य म्हणते. ती चाल बंद करता येते. मी ती आधी बंद केली आणि महिन्याभराने पुन्हा सुरू केली, कारण संदर्भ इकडून तिकडे नेताना ती फार सोयीची आहे असे तोवर कळले होते.

काही गोष्टी इथे येऊन नव्याने दिसल्या, हेही खरे. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो आणि श देठाचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात हीच रूपे मराठीची म्हणून सांगितली आहेत. माझ्या जुन्या फायलींत हिंदी वळणाचे ल आणि श असत आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की ते खटकणेही बंद झाले होते. इथे 'नोटो सॅन्स देवनागरी' फाँट लावून मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली, तर त्याच फाँटातले त्याच पानावरचे ल आणि श एका क्षणात वळण बदलून उभे राहिले. भाषा 'हिंदी' केली, परत पूर्वीसारखे. 'मराठी' केली, पाकळी आली. हा खेळ मी एखाद्या लहान मुलासारखा दहा मिनिटे खेळत बसले. फाँट करणाऱ्या कोणीतरी ही सोय मुद्दाम आत ठेवलेली असते, फक्त कागदाला आपली भाषा कोणती ते सांगावे लागते, आणि मी आजवर ते कधी सांगितलेच नव्हते.

सगळी प्रणालीच मराठीत करता येते हे कळल्यावर तीही करून पाहिली. चार दिवस ठेवली. काही पाट्या मराठी, काही इंग्रजी, आणि मराठी पाट्यांतल्या काही इतक्या जड की मनातल्या मनात परत इंग्रजी करून घ्याव्या लागत. ह्या कामाला बहुतेक करून स्वयंसेवक असतात, रात्री जागून करणारे, हे मला ठाऊक आहे, आणि एका ओळीचा संदर्भ न कळता तिचा अनुवाद करायचा म्हणजे काय असते तेही मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. म्हणून मी मुकाट्याने इंग्रजी केले.

जुन्या यंत्रातून आणलेल्या सामानात एक चिमुकली फाइल होती. जुन्या लेखन प्रोग्रामला ठाऊक नसलेले शब्द मी एकेक करून त्याच्या कोशात घालत गेले होते, त्यांची ती यादी. ती साधी अक्षरांची फाइल असते, कुठेही उघडते. मी ती उघडली तेव्हा अठराशेच्या वर शब्द एकाखाली एक उभे होते. खुरपणी, शेणखत, ओलावा, वाफसा, सारा, फुटवे, मग मध्येच ओळीने जंतुसंसर्ग, जलशुष्कता, गरोदरपण, मग एका चरित्रातली गावांची नावे, मग पुन्हा खोडकिडा. कोणत्या वर्षी कोणते काम केले ते त्या यादीच्या क्रमावरून मला जवळजवळ सांगता आले. काही शब्द दोनदा होते आणि दिसायला अगदी सारखे. 'कोवळ्या पऱ्या' मधला 'पऱ्या' दोनदा का, म्हणून शोधले, तर त्यातला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी लिहिलेला निघाला. एकदा ऱ आणि हलन्त अशा सरळ मार्गाने आणि एकदा साधा र आणि हलन्त ह्यांच्यापुढे न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्याला एक, यंत्राला दोन. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. एका पावसाळी दुपारी बसून मी ती सगळी यादी निवडली, तांदूळ निवडावेत तशी, आणि नव्या कोशात घातली.

आता तीन महिने झाले आहेत. परवा एका जुन्या करारपत्राची स्कॅन प्रत हवी होती आणि ती पेनड्राइव्हवर आली नव्हती, म्हणून जुना लॅपटॉप कपाटातून काढला. इंटरनेट बंदच ठेवले. पंखा घरघरला, तावदानांची खिडकी आली, डी ड्राइव्ह उघडली, करारपत्र सापडले. फाइलचे नाव बदलून मराठीत करावे म्हणून मी नाव निवडले आणि लिहायला लागले. 'करारपत्र'. नीट देवनागरीत उमटले. पेनड्राइव्ह लावताना माझ्या लक्षात आले की मी आल्ट-शिफ्ट दाबलेच नव्हते. अंगठा आणि तर्जनी सवयीने त्या खिडकीच्या कळेवर आणि स्पेसबारवर गेली होती आणि भाषा बदलली होती. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, विंडोजमध्येही चालतं ते. विंडोज आठपासून आहे."

म्हणजे नऊ वर्षे ती सोय त्या यंत्रात होती.

मी करारपत्र पेनड्राइव्हवर घेतले. बंद करण्याआधी रिकाम्या पडद्यावर राइट क्लिक केले, रिफ्रेश दाबले, चित्रे एकदा लवली, आणखी एकदा दाबले, आणि मग तो मिटून कपाटात ठेवला.